उन्हाळ्यात चिरतो, पावसाळ्यात फुगतो : जुन्या लाकडी वर्कबेंचचं तेच ते दुखणं

वर्षातून दोनदा मला ठरलेले फोन येतात. एकदा नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपता संपता, आणि दुसऱ्यांदा पोळ्याच्या आसपास. "भाऊ, मागच्या वर्षी इतका घासूनपुसून सरळ केला होता, बेंच पुन्हा वाकला." फोन करणाऱ्यांत कोणी नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत छोटं युनिट चालवणारा असतो, कोणी शहरातल्या महाल भागातल्या घराच्या मागच्या खोलीत हौसेनं लाकूडकाम करणारा. बेंच मात्र जवळपास एकाच घडणीचे. खाली लोखंडी अँगलचा सांगाडा, वर दोन-अडीच इंच जाड सागवानाच्या फळ्यांचा टॉप, एका कडेला बिडाचा वाईस, म्हणजे काम पकडून ठेवायचा शिकंजा. बंद पडलेल्या कारखान्यातून किंवा भंगारातून आलेले, वीस-तीस वर्षं मार खाल्लेले.

असे दहा-बारा बेंच मी उघडलेत. त्यातला पहिला माझा स्वतःचा, आणि तो मी तीन वर्षं स्वतःच्या हातानं बिघडवला. मे महिन्यात टॉप मधून खोलगट दिसला म्हणून रंधून सपाट केला. ऑगस्टमध्ये तोच मधून फुगला म्हणून फुगवटा रंधला. पुढच्या मे महिन्यात पुन्हा खोलगट. तीन वर्षांत तीन सूत जाडी भुशात गेली. (सुताराचं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या जरा आत.) शेवटी लकडगंजातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं बेंचखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "रंधा ठेव बाजूले, पाना आण." या लेखात जे आहे ते बरंचसं त्याच वाक्यातून निघालेलं आहे.

लक्षणं

पुढच्यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर तुमचा बेंच याच दुखण्याचा.

टॉपवर रुंदीच्या दिशेनं सरळ पट्टी उभी धरली की एका ऋतूत पट्टीच्या मधून उजेड दिसतो, दुसऱ्या ऋतूत दोन्ही टोकांखालून. बोल्टच्या ओळीतून लांबीच्या दिशेनं चीर गेलेली असते. मे महिन्यात तिच्यात खेळायचा पत्ता सहज जातो, श्रावणात नखही शिरत नाही. दोन फळ्यांचा जोड मध्ये घट्ट असतो पण टोकाला उघडतो. खालचा ड्रॉवर पावसाळ्यात रुसतो आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळा होतो. वाईसमध्ये फळी धरली की वरून घट्ट, खालून सैल. रंधा मारताना बेंच डुलतो. आणि सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे दुरुस्ती सहा महिनेसुद्धा टिकत नाही.

बेंचखाली पिठासारखी बारीक पूड साचत असेल, पायावर मातीची नळी चढलेली असेल, किंवा पेचकसाचं टोक दाबल्यावर लाकडात रुतत असेल, तर हे दुखणं वेगळं. अशांनी मधलं सगळं सोडून थेट किडीच्या भागाकडे जावं.

आधी कारण, थोडक्यात

लाकूड हवेतला दमटपणा पितं आणि सोडतं. दमट झालं की फुगतं, सुकलं की आकसतं, पण फक्त रुंदीत आणि जाडीत. लांबीत फरक पडतो तो नगण्य. आता नागपूरची हवा पाहा. मे महिन्यात दुपारी पारा पंचेचाळीसच्या वर आणि आर्द्रता विसाच्या आसपास, कधी त्याहून खाली. ऑगस्टमध्ये तीच आर्द्रता ऐंशीच्या घरात. जाड फळी हळूहळू बदलते, तरी तिच्या आतला ओलावा वर्षभरात सहा-सात टक्क्यांवरून बारा-तेरापर्यंत जाऊन परत येतो. सागवान शहाणं लाकूड, कमी हलणारं. तरीही दोन फूट रुंदीचा टॉप एवढ्या फरकानं साधारण दोन सूत रुंद होतो. साल वृक्षाच्या किंवा बाभळीच्या लाकडाचा असेल तर त्याहून जास्त.

त्याच दोन फुटांत खालचा लोखंडी अँगल उन्हाळ्या-हिवाळ्याच्या फरकानं पाव मिलिमीटरही हलत नाही. म्हणजे वरचा दोन सूत चालायला निघालाय आणि खालच्यानं त्याला आठ बोल्टांनी पकडून ठेवलंय. पावसाळ्यात सरकायला जागा नाही म्हणून लाकूड मधून उचलतं, उन्हाळ्यात आत यायला जागा नाही म्हणून फाटतं.

इथे हमखास कोणीतरी म्हणतो, "आपलं तर अस्सल बल्लारशाचं सागवान आहे, हे कसं हललं?" बल्लारपूर-आलापल्लीच्या सागवानाला व्यापारी अजून सीपी टीक म्हणतात, जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये गेलं तेही चंद्रपूरकडचंच. लाकूड नामी आहे यात वाद नाही. पण नामी लाकूडही हवा पितं, आणि ते पिणार हे धरूनच चांगला सुतार दाराच्या चौकटीत दिल्ह्याला, म्हणजे मधल्या फळीला, खाचेत मोकळं ठेवतो, खिळ्यानं ठोकत नाही. बेंच बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला लोखंडाची सवय असते, आणि तिथेच घोळ होतो.

फुकटातली तपासणी : फरशी

बेंच डुलतो म्हणजे बेंच वाकडा, असं धरून चालू नका. आधी बेंच अर्धा फेरा फिरवा, म्हणजे डावी बाजू उजवीकडे. आधी जो पाय अधांतरी होता तोच पाय अजूनही अधांतरी असेल तर दोष बेंचचा. फिरवल्यावर दुसराच पाय उचलला आणि खोलीतली जागा मात्र तीच राहिली, तर दोष फरशीचा. जुन्या घरातल्या शहाबादी फरशीवर निम्म्या तक्रारी इथेच संपतात. पायाखाली सागवानाची पातळ पाचर द्या, तिच्यावर पेन्सिलीनं "डावा मागचा" असं लिहा आणि कामाला लागा.

हे आधी करायचं कारण असं की डुलणाऱ्या सांगाड्यावरचा टॉप मोजला तर माप खोटं येतं. पायाला मात्र करवत लावू नका. एक गृहस्थ एकेक पाय "थोडासा" कापत गेले. आता त्यांच्या बेंचवर बसून जेवता येतं.

पाना आणि दहा मिनिटं : सांगाड्याचे जोड

दोन प्रकारच्या बोल्टांत गल्लत करायची नाही. पाय आणि आडव्या पट्ट्या जोडणारे बोल्ट, म्हणजे लोखंडाला लोखंड, हे कचकचून आवळायचे. टॉपला सांगाड्याशी बांधणाऱ्या बोल्टांना या पायरीवर हातच लावायचा नाही.

पाय लाकडी असतील तर कुसवं, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले जोड, तपासा. एकानं बेंच कडेनं ढकलायचा, दुसऱ्यानं जोडावर बोट ठेवायचं. जोड हलत असेल तर बोटाला बरोबर कळतं, डोळ्याला दिसत नाही. मे महिन्यात सैल झालेल्या कुसवात पाचर ठोकताना हात आखडता घ्या. त्या दिवशी ती थोडी सैल वाटली तरी चालेल, कारण पावसाळ्यात कुसू फुगलं की तीच पाचर पायाचं लाकूड फाडते.

सांगाडा वेल्डिंगचा असेल तर प्रत्येक जोडावरून वायर ब्रश फिरवा आणि टॉर्च तिरपा धरून पाहा. केसाएवढी गंजकी रेघ दिसली की ती तडा. त्यावर रंग मारून पुढे जाऊ नका.

दोरा, पेन्सिल आणि थोडा धीर : कोणती बाजू श्वास घेते?

ही तपासणी लोक टाळतात, कारण हिच्यात हाताला काम नसतं. पण माझ्या मते निदान इथेच होतं.

टॉपवर आडवा दोरा ताणा किंवा ॲल्युमिनियमची सरळ पट्टी ठेवा. डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला, अशा तीन ठिकाणी. फट मोजायला महागडं हत्यार नको, हॅक्सॉ ब्लेडची जुनी पाती घ्या. एक पातं अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या दरम्यान असतं, किती पाती शिरली ते मोजा. खोलगट की फुगीर, किती, तारीख काय, हे टॉपच्या खालच्या अंगाला पेन्सिलीनं लिहून ठेवा. वहीत नको. वही हरवते, बेंच हरवत नाही.

मग ऋतू आणि आकार यांची सांगड घाला. पावसाळ्यात कडा वर आल्या, टॉप बशीसारखा झाला, तर खालची बाजू पाणी पितेय आणि वरची पीत नाही. असं तेव्हाच होतं, जेव्हा वर तेल, वॉर्निश किंवा सनमायका आहे आणि खालून लाकूड कोरं आहे. तोच टॉप उन्हाळ्यात पालथ्या बशीसारखा होतो. उलट पावसाळ्यात मधून फुगला आणि उन्हाळ्यात चीर पडली, तर संशय बोल्टांवर.

आणि एक खास आपल्याकडचा गुन्हेगार, कूलर. मे महिन्यात सगळं नागपूर सुकत असतं आणि आपण बेंचपासून चार फुटांवर कूलर लावून त्याच्या वरच्या अंगावर रोज आठ तास ओली हवा सोडतो. खालचं अंग कोरडं ठणठणीत, वरचं दमट, म्हणून ऐन उन्हाळ्यात टॉप मधून फुगतो. एका पोराच्या वर्कशॉपमध्ये मी अर्धा दिवस डोकं खाजवत होतो. सगळी लक्षणं उलटी. शेवटी तहान लागली म्हणून उठलो, कूलरसमोरून गेलो आणि शर्ट गार लागला तेव्हा उजेड पडला. कूलर फिरवून दाराकडे केला, दोन आठवड्यांत फुगवटा निम्म्यावर आला. खर्च शून्य.

थोडा खर्च : दोन्ही अंगांना सारखा लेप

टॉपवर कोणी सनमायका चिकटवलेली असेल तर ती काढा, किंवा खालूनही तेवढीच लावा. मी काढायच्या बाजूचा आहे. हातोडा मारायच्या बेंचवर सनमायका कशाला?

कोऱ्या टॉपला मी जवसाचं तेल लावतो. आपल्या विदर्भातलं घरगुती पीक, पण घाण्यावरचं खायचं तेल सुकायला आठवडेच्या आठवडे घेतं आणि तोवर धूळ धरून बसतं. रंगाच्या दुकानात बॉइल्ड लिनसीड म्हणून मिळतं ते लवकर सुकतं. पहिला हात थोडं टर्पेंटाईन मिसळून पातळ, मग दोन हात नुसत्या तेलाचे, दर वेळी अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून घ्यायचं. वर जितके हात, खालीही तितकेच. खालच्या अंगाला कोण बघतंय म्हणून आळस केला की पुन्हा बशी. फळ्यांच्या टोकांना, जिथे लाकडाच्या रेषा उभ्या कापलेल्या दिसतात, एक हात जास्त. पाणी तिथूनच सगळ्यात वेगानं आत-बाहेर करतं आणि टोकाच्या चिरा म्हणूनच पडतात.

एक गोष्ट जीव ओतून सांगतो. जवसाच्या तेलानं भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं, चुरगाळलेल्या चिंधीत ती अडकते आणि चिंधी कोणीही काडी न लावता पेटू शकते. आपल्या मे महिन्यात तर विचारायलाच नको. काम झालं की चिंध्या अंगणात एकेक मोकळ्या पसरून कडक होऊ द्या, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

खरं दुखणं : टॉपचे बोल्ट

आता बेंचखाली आडवे व्हा. टॉपला धरणारे बोल्ट मोजा आणि अँगलची भोकं पाहा. दहातल्या नऊ वेळा भोक गोल, बोल्टला नेमकं बसणारं, आणि नट कोणीतरी पाना लांब करून आवळलेला असतो.

मागच्या ओळीतला एक नट अर्धा फेरा सैल करा आणि कान द्या. पुष्कळदा "टक" असा आवाज येतो आणि टॉप सांगाड्यावर किंचित सरकतो. तो आवाज आला की निदान पक्कं. माझ्या बेंचचा पहिला नट सोडला तेव्हा आवाज इतका मोठा आला की मला वाटलं फळीच फुटली. फुटली नव्हती, सुटली होती.

उपाय असा. पुढची ओळ, म्हणजे तुम्ही उभे राहता त्या कडेची, गोल भोकातच राहू द्या. वाईस त्या बाजूला असतो आणि ती कड जागची हलायला नको. मागच्या ओळीच्या अँगलमधली भोकं पुढे-मागे लांबट करा. लाकडाला नाही, लोखंडाला. दहा मिलिमीटरचा बोल्ट असेल तर अकराच्या ड्रिलनं शेजारी शेजारी दोन भोकं पाडून मधला भाग गोल कानशीनं काढा. भोक अकरा रुंद आणि साधारण वीस लांब झालं पाहिजे. लांबी टॉपच्या रुंदीच्या दिशेनं हवी, रेषांना आडवी. हे उलटं करून बसलेले लोक मी पाहिलेत. त्यांची मेहनत पूर्ण, फायदा काही नाही. मध्ये तिसरी ओळ असेल तर तिचीही भोकं लांबट करा.

मग बोल्ट त्या लांबट भोकात कुठे ठेवायचा? ते महिन्यावर आहे. मे महिन्यात काम करत असाल तर लाकूड सगळ्यात अरुंद आहे, पुढे ते मागच्या भिंतीकडे वाढणार, म्हणून बोल्ट भोकाच्या पुढच्या टोकाशी ठेवा. ऑगस्टमध्ये उलट, मागच्या टोकाशी. दिवाळीनंतर करत असाल तर मध्यावर.

वायसर (वॉशर) मोठ्या तोंडाचं घ्या, नट नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, घ्या. इतवारीच्या हार्डवेअर गल्लीत दोन्ही चिल्लर भावात मिळतं. साधा नट सैल ठेवला तर ठोकाठोकीनं गळून पडतो, नायलॉक जिथे ठेवला तिथे राहतो. नट वायसरला टेकला की त्यापुढे पाव फेरा, बस. टॉप उचलून पाहिला तर वाजता कामा नये, पण बाजूनं जोर लावला तर सरकायची मुभा हवी.

खालून आडव्या लाकडी पट्ट्या फेव्हिकॉल लावून ठोकलेल्या असतील तर तोही हाच आजार, नुसता लोखंडाऐवजी लाकडाच्या वेषात. पट्टी लांबीत हलत नाही, टॉप रुंदीत हलतो. पट्टी सोडवा, मधला स्क्रू तेवढा घट्ट ठेवा, बाकीच्यांची भोकं लांबट करून परत लावा.

यानंतर थांबा. निदान महिनाभर रंध्याकडे बघूही नका. माझ्या टॉपचा फुगवटा दोन सूत होता, भोकं लांबट केल्यावर रंध्याचा एकही हात न मारता अर्ध्या सुतावर आला. आधीच्या तीन वर्षांत भुसा केलेली ती तीन सूत जाडी आठवून त्या दिवशी चहा कडू लागला.

चिरा

चीर दिसली की लोक पुटी भरायला धावतात, आणि तीही नेमकी मे महिन्यात, कारण तेव्हा ती मोठी दिसते. मे महिन्यात इपॉक्सी गच्च भरली की पावसाळ्यात लाकडाला बंद व्हायला जागा उरत नाही. ते शेजारी ढकलतं आणि पुढच्या उन्हाळ्यात मूळ चिरेच्या बाजूला दुसरी चीर हजर.

आधी चिरेच्या टोकाला पेन्सिलीची आडवी रेघ मारून तारीख लिहा. बोल्ट मोकळे केल्यावर एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. चीर रेघेच्या पुढे गेली नसेल तर ती म्हातारी चीर, तिला राहू द्या. फारच खुपत असेल तर हिवाळ्यात सागवानाची निमुळती पट्टी एकाच बाजूला सरस लावून बसवा, दुसरी बाजू कोरी. पट्टीसाठी नवं लाकूड घेऊ नका. महाल-इतवारीत जुने वाडे उतरतात, त्यांच्या चौकटींचे तुकडे लकडगंजच्या टालांवर, म्हणजे लाकडाच्या वखारींत, मिळतात. पन्नास वर्षं हवा खाल्लेलं ते लाकूड आता नखरे करत नाही.

चीर रेघेच्या पुढे चालली असेल तर खालच्या अंगानं, चिरेला आडवा, डमरूच्या आकाराचा सागवानी तुकडा खाच करून बसवता येतो. पटाशीवर हात बसलेला असेल तरच करा. खाच सैल झाली तर तो डमरू फक्त शोभेचा.

कीड

सागवानाचा तपकिरी गाभा किडीला सहसा दाद देत नाही. पण कडेचा फिकट, पांढुरका भाग तिला गोड लागतो, आणि स्वस्तातल्या बेंचच्या फळ्यांत तो भरपूर असतो. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पूड असेल तर भुंगेरा. पूड झाडून खाली काळा कागद अंथरा. आठवड्यानं नवी पूड पडली नसेल तर कीड बहुधा निघून गेलेली आहे, भोकं जुनी आहेत, उगीच औषध मारू नका. पडली असेल आणि भाग लहान असेल तर तो पांढुरका पट्टा कापून तिथे नवी पट्टी जोडणं सगळ्यात खात्रीचं.

मातीची नळी दिसली तर ती वाळवी. ती बेंचमध्ये राहत नाही, जमिनीतून येते, म्हणजे तुमच्या भिंतीचाही प्रश्न आहे. बेंच भिंतीपासून ओढा आणि कीडनियंत्रणवाल्याला बोलवा. रॉकेल ओतणं वगैरे प्रकार करू नका.

सगळ्यात शेवटी रंधा

इथवर सगळं झालं आणि तरीही अर्ध्या सुतापेक्षा जास्त फरक उरला, तर रंधायचं. कधी? दिवाळी आटोपल्यापासून संक्रांतीपर्यंत. तेव्हा लाकूड दोन टोकांच्या मधोमध असतं. त्या वेळी सपाट केलेला टॉप मे महिन्यात थोडा इकडे जाईल, ऑगस्टमध्ये थोडा तिकडे, पण कुठल्याच बाजूला फार नाही.

रंध्याआधी लोहचुंबक दोऱ्याला बांधून टॉपवरून इंच-इंच फिरवा. जुन्या बेंचच्या पोटात काय काय असतं! तुटके खिळे, ड्रिलची टोकं, एकदा तर सायकलच्या बेअरिंगची गोळी निघाली. चुंबकानं ओढ खाल्ली की तिथे खडूचा गोल करा आणि उकरून काढा. बोल्टची डोकी किती खोल बुजवलीत तेही मोजा, नाहीतर पात्याला आधी कळेल.

जुन्या ऑइल पेंटचे थर असतील तर सुकी घासाई नको. घरगुती रंगातल्या शिशावर नव्वद पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात काय असेल सांगता येत नाही. रंग ओला करून खरवडा, तोंडावर चांगला मास्क, मुलं दूर, खरवडलेला चुरा पिशवीत बांधून वेगळा.

पीळ बघायला दोन सारख्या उंचीच्या सरळ पट्ट्या टॉपच्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि वाकून एकीच्या वरून दुसरी पाहा. कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. रंधा आधी रेषांना आडवा-तिरपा, उंचवट्यांवरच, आणि शेवटचे हलके हात लांबीनं. एक सुताच्या वर काढावं लागेल असं दिसलं तर थांबा आणि पुन्हा बोल्टांकडे या, काहीतरी सुटलंय. संपलं की दोन्ही अंगांना तेल. रंधलेल्या वरच्या अंगाला तेल आणि खालच्याला विसर, हे मी स्वतः केलंय.

कुठे थांबायचं

वेल्डिंगला तडा असेल तर वेल्डरच. सहा फुटांच्या टॉपला तीन सुतांहून जास्त पीळ असेल तर हातरंध्यानं झगडू नका, तो टॉप जोडातून उघडून पुन्हा जोडावा लागतो आणि ते मिस्त्रीचं काम. टालावरच्या थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची करणाऱ्या) मशीनमध्ये दोन फुटी टॉप अखंड जाईलच असं नाही, आधी विचारून मग टेम्पो करा. खिळे असलेलं लाकूड मशीनवाला घेत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. रंधून रंधून जाडी दीड इंचाखाली आली असेल आणि त्यावर जड वाईस असेल तर टॉप बदलायची वेळ झाली. बेंचला प्लग-सॉकेट जोडलेलं असेल आणि सांगाड्याला हात लावल्यावर किंचित झिणझिणी जाणवत असेल तर मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, तोवर बेंचला हात नाही.

एकट्यानं टॉप उचलू नका. सहा बाय दोन फुटांचा, अडीच इंची सागवानी टॉप पंचेचाळीस किलोच्या घरात भरतो, वाईस वेगळा. तो आधी काढून खाली ठेवा.

आणि मिस्त्रीला बोलावलंच, तर एक सांभाळा. काम चोख करेल, भोकं लांबट केलेली पाहून मानही डोलवेल, पण निघताना सवयीनं पाना घेईल आणि जाता जाता सगळे नट एकदा कचकचून आवळेल. चांगल्या भावनेनंच. तो चहा घेऊन गेला की बेंचखाली शिरा आणि मागच्या ओळीचे चारही पुन्हा सैल करून टेकल्यावर पाव फेऱ्यावर आणून ठेवा.